मुंबईच्या स्थळनोंदींचं खुलं भांडार: फायली, सीमा, नावं आणि परवाने

खाडीकाठ (धागाकर्ता):
मुंबईपुरतं स्थळनोंदींचं एक खुलं भांडार गिटहबवर (फायलींचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या ‘गिट’च्या भांडारांचं संकेतस्थळ) चालू आहे. आत महापालिकेच्या विभागांच्या आणि निवडणूक प्रभागांच्या सीमा, उपनगरी रेल्वेची स्थानकं, अग्निशमन केंद्रं, दवाखाने, पालिका शाळा. सीमा जिओजेसन या नकाशाच्या मजकुरी फायलींमध्ये, बिंदू सीएसव्ही या साध्या तक्त्यांमध्ये. भर घालणारे सात-आठ जण आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. एका शाळेच्या नावातली वेलांटी सुधारली तरी गिट म्हणतं, अख्खी फाईल बदलली. मग तपासणारा डोळे मिटून मंजुरी देतो आणि खरी चूक त्यातून आत शिरते.

विचारायचं ते असं. बदल वाचता येतील अशा रीतीने फायली कशा साठवाव्यात? कोणत्या चुका यंत्राने पकडाव्यात? आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातले बिंदू आपल्या फायलीत मिसळले तर परवान्याचं काय होतं?

नकाशेवाला:
पहिल्या प्रश्नापुरतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून जिओजेसन साठवताना काही न बदलता ‘ठीक’ दाबलं की निर्देशांक १५ दशांश स्थळांपर्यंत लिहिले जातात. पंधरावं स्थळ म्हणजे अणूच्या जाडीएवढं अंतर. दवाखान्याचं दार तिथवर मोजायचं कारण नाही. ६ स्थळं म्हणजे अक्षांशात साधारण ११ सेंटिमीटर, ५ म्हणजे १.१ मीटर. सीमांना ६ ठेवा. मोबाईलने घेतलेल्या बिंदूंना ५ सुद्धा जास्तच होतात.

साठवताना स्तराच्या पर्यायांत ‘आरएफसी ७९४६’ हा पर्याय ‘होय’ करा. २०१६ च्या या मानकाप्रमाणे निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या प्रणालीमध्ये, आधी रेखांश मग अक्षांश, आणि बहुभुजाचं बाहेरचं कडं घड्याळाच्या उलट दिशेने. हा पर्याय निवडला की अचूकता आपोआप ७ स्थळांवर येते. तिथेच हाताने ६ लिहा.

पण एवढ्यावर भागत नाही, कारण कुणीतरी विसरणारच. म्हणून कमिट (बदलांची गिटमधली नोंद) होण्याआधी आपोआप चालणारी एक छोटी स्क्रिप्ट हवी. तिची कामं: नोंदी आयडीप्रमाणे लावणं, प्रत्येक नोंद एका ओळीवर लिहिणं, गुणधर्मांचा क्रम पक्का ठेवणं, निर्देशांक ६ स्थळांवर आणणं, ओळींचे शेवट लिनक्स पद्धतीचे करणं. पायथनमध्ये चाळीसेक ओळींत होतं. मग कुणी कशातूनही साठवो, वेलांटी सुधारली तर एकच ओळ बदललेली दिसते.

स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवाल तेव्हा सगळ्या फायली बदलतील. तो कमिट एकटा ठेवा. त्यात दुसरी कुठलीही दुरुस्ती घुसडू नका, नाहीतर ती कायमची हरवली समजा.

सर्व्हेनंबर:
हे सगळं छान आहे, पण सरकारी कचेऱ्यांत आणि आर्किटेक्टांकडे शेपफाईल ही जुन्या पद्धतीची नकाशा-फाईलच मागतात. जिओजेसन पाठवली की ‘उघडत नाही’ असा निरोप येतो. मूळ फाईलच शेपफाईल ठेवली तर काय बिघडलं?

नकाशेवाला:
बरंच बिघडतं. शेपफाईल ही एक फाईल नव्हेच. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ हे तीन तुकडे तर लागतातच, वर पीआरजे नसेल तर प्रक्षेपण कळत नाही आणि सीपीजी नसेल तर देवनागरीच्या जागी कचरा दिसतो. मेलवर पाठवताना लोक नेमके शेवटचे दोन गाळतात.

मथळ्याला १० अक्षरांची मर्यादा आहे. स्थानकाचं मराठी नाव आणि इंग्रजी नाव असे दोन लांब इंग्रजी मथळे असतील तर पहिली दहा अक्षरं सारखीच निघतात. मग सॉफ्टवेअर दुसऱ्याला स्वतःच्या मनाने आकडा जोडतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मजकुराच्या रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतामध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ मोजून पाहा: २६ चिन्हं गुणिले ३, अधिक ३ मोकळ्या जागा, एकूण ८१ बाइट. क्यूजीआयएसमध्ये नव्या शेपफाईलला मजकुराचा रकाना जोडताना रुंदी ८० सुचवली जाते. एका बाइटने शेवटचा ‘स’ जातो. रुंदी जास्तीत जास्त २५४ करता येते, म्हणजे ८४ चिन्हं. एवढ्यात पालिका शाळांची काही पूर्ण नावं बसत नाहीत.

तेव्हा मूळ जिओजेसन आणि सीएसव्ही. शेपफाईल प्रत्येक प्रकाशनाच्या वेळी ओजीआर-टू-ओजीआर या रूपांतराच्या साधनाने बनवायची, झिप करून प्रकाशनाला जोडायची. भांडारात ठेवायची नाही.

भायखळा_लोकल:
जिओपॅकेजचा (एकाच फाईलमधला नकाशाचा डेटाबेस) विचार करत असाल तर एक सांगून ठेवतो. क्यूजीआयएसमध्ये नुसती बघायला उघडली तरी फाईलचे बाइट बदलतात, शेजारी दोन तात्पुरत्या फायलीही उगवतात, आणि गिट म्हणतं बदल झाला. शिवाय ती द्विमान (बायनरी) फाईल, आत काय बदललं ते गिट सांगू शकत नाही. वाटपाला उत्तम, सांभाळायला नको.

सीमांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुंबईत इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे.

‘वॉर्ड’ हा शब्द फाईलच्या नावात अजिबात वापरू नका. प्रशासकीय विभाग वेगळे, निवडणूक प्रभाग वेगळे. विभाग ए पासून टी पर्यंत, जुन्या फायलींत २४. पुढे पी/उत्तरची फोड होऊन पी/पूर्व आला, म्हणजे ‘मुंबईचे २४ वॉर्ड’ असं लिहिलेली फाईल कोणत्या काळातली ते आधी विचारायला हवं. प्रभाग २२७. मधल्या काळात, २०२१ मध्ये, ही संख्या २३६ करायचं ठरलं आणि २०२२ मध्ये पुन्हा २२७ वर आली. त्यामुळे २३६ प्रभागांचे नकाशेही फिरत असतात आणि दिसायला ते अगदी खरे असतात. २०१७ चा प्रभाग क्रमांक आणि नंतरच्या रचनेतला तोच क्रमांक एकच जागा दाखवेल याचीही खात्री नाही. प्रभागाच्या आयडीत रचनेचं वर्ष आलंच पाहिजे.

दुसरी गंमत तिरप्या रेघेची. ‘के/पश्चिम’ हे नाव फाईलला द्यायला गेलात की संगणक ‘के’ नावाचं फोल्डर बनवतो आणि आत ‘पश्चिम’ नावाची फाईल. फाईलच्या नावात लहान इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. तिरपी रेघ आतल्या नावाच्या रकान्यात असू द्या, तिथे ती बरोबर आहे.

तिसरं, शेजारच्या विभागांची सामाईक हद्द. क्यूजीआयएसचं साधं सुलभीकरण प्रत्येक बहुभुज सुटा धरून शिरोबिंदू गाळतं. त्यामुळे एच/पूर्व आणि एच/पश्चिम यांच्या मधोमध, रुळांच्या रेषेवर, कुठे फट पडते तर कुठे दोन्ही एकमेकांवर चढतात. फटीत पडलेला दवाखाना कुठल्याच विभागात मोजला जात नाही आणि चढलेल्या भागातला दोनदा मोजला जातो. मॅपशेपर वापरा. ते सामाईक रेषा एकदाच धरतं आणि दोन्ही बाजूंना सारखीच सुलभ करतं. क्रम असा: आधी ‘स्नॅप’ चालू ठेवून फाईल आत घ्या, मग ‘क्लीन’, मग सुलभीकरण, मग बाहेर. उलट केलंत तर जुन्या फटी सुलभ होऊन कायम राहतात.

शीवकर:
क्षेत्रफळ काढून पडताळायचं असेल तर वेब मर्केटर या वेबनकाशांच्या प्रक्षेपणामध्ये, म्हणजे ३८५७ मध्ये काढू नका. मुंबईच्या अक्षांशावर क्षेत्रफळ जवळजवळ १२ टक्के फुगतं. यूटीएम ४३ उत्तर हे मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण, क्रमांक ३२६४३, अख्ख्या मुंबईला पुरतो.

खाडीकाठ:
विभागाची फोड झाली तर आयडीचं काय करावं? जुनाच चालू ठेवून भूमिती बदलली तर?

भायखळा_लोकल:
कधीही नाही. जुन्या आयडीला ‘बंद’ तारीख द्या, ‘पुढचे’ नावाच्या रकान्यात नव्या विभागांचे आयडी लिहा आणि नव्यांना ‘सुरू’ तारीख द्या. जुनी ओळ पुसायची नाही. कुणाच्या तरी तक्त्यात २०१७ ची आकडेवारी त्या आयडीला बांधलेली असते. आयडी म्हणून ओळ क्रमांक नको, नावही नको. नावं बदलतात: एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, आणि व्हीटीचं तर दोनदा बदललं, १९९६ आणि २०१७.

रेल्वेचे स्थानक संकेत आयडी म्हणून मोहक वाटतात, पण दादर मध्यचा डीआर आणि दादर पश्चिमचा डीडीआर. आता तुम्हीच सांगा, तुमच्या फायलीत दादर एक की दोन? दोन्ही उत्तरं चालतील, पण कुठलं धरलं ते वर्णनपत्रात लिहा. बिंदू फलाटाच्या मध्यावर की प्रवेशाशी, हेही लिहा. १२ डब्यांची गाडी मावणाऱ्या फलाटाच्या दोन टोकांत अडीचशे मीटरहून जास्त अंतर असतं. ‘स्थानकापासून ५०० मीटरच्या आत’ अशी मोजणी केली की हा फरक निकालात उतरतो.

तपासनीस:
दुसऱ्या प्रश्नाकडे. यंत्राने काय तपासावं.

पहिली चौकट: रेखांश ७२.७५ ते ७३.००, अक्षांश १८.८८ ते १९.३०. बाहेर गेलेली प्रत्येक नोंद अडवा. बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालेली असते. सीएसएमटी उलटं लिहिलं तर नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात जाऊन पडतं. सीएसव्हीत मथळे ‘एक्स’ आणि ‘वाय’ ठेवले की हे हमखास होतं. ‘अक्षांश’, ‘रेखांश’ असे स्पष्ट मथळे द्या. शून्य-शून्य निर्देशांक गिनीच्या आखातात जातात, तेही या चौकटीत सापडतात.

दुसरी चूक जास्त लबाड. अंश-मिनिटं-सेकंद दशांश समजून लिहिणं. १८ अंश ५६ मिनिटं २४ सेकंद हे खरं १८.९४००. कुणीतरी १८.५६२४ लिहितं. मुंबईचं नशीब असं की इथले सगळे रेखांश ७२ अंश ४६ ते ५९ मिनिटांत आहेत, त्यामुळे चुकून लिहिलेला रेखांश ७२.४६ ते ७२.५९ मध्ये येतो, दूर अरबी समुद्रात, आणि चौकट त्याला पकडते. अक्षांशाचा भरवसा नाही. १९ अंश ४ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १९.०७५०. ते १९.०४३० झालं तर चौकटीच्या आतच राहतं आणि बिंदू साडेतीन किलोमीटर दक्षिणेला सरकतो. म्हणून एका नोंदीचा रेखांश चुकलेला आढळला की त्याच स्रोतातून आलेले सगळे अक्षांश पुन्हा बघा. नुसता रेखांश सुधारून पुढे जाऊ नका.

तिसरं, तंतोतंत सारखे निर्देशांक असलेल्या नोंदी मोजा. पत्त्यावरून निर्देशांक काढणाऱ्या सेवेला पत्ता कळला नाही की ती पिनकोडचा किंवा शहराचा मध्य हातात ठेवते. एकाच बिंदूवर पाचाहून जास्त शाळा दिसल्या तर ते जवळजवळ नक्की हेच. एका इमारतीत तीन माध्यमांच्या शाळा खरोखर असतात, म्हणून सरसकट नाकारू नका, इशारा द्या.

चौथं, बहुभुजाचं कडं बंद आहे का, निदान चार स्थानं आहेत का, स्वतःला छेदतं का. पाचवं, मागच्या प्रकाशनाशी तुलना: एखाद्या विभागाचं क्षेत्रफळ अर्ध्या टक्क्याहून जास्त बदललं आणि बदलाच्या टिपेत त्याचा उल्लेख नाही, तर थांबवा. हा अर्धा टक्का म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, तुमच्या फायलींना जमेल तो धरा.

कोळंबकर:
चौकटीच्या जोडीला ‘बिंदू शहराच्या सीमेत आहे का’ ही तपासणी लावणाऱ्यांना सूचना. कोस्टल रोडच्या भरावाने वरळी-ब्रीच कँडीकडचा किनारा पुढे सरकलाय. जुन्या सीमेवर तपासाल तर भरावावरचे बिंदू समुद्रात दिसतात आणि चांगली नोंद नाकारली जाते.

तरीही म्हणून डी किंवा जी/दक्षिणची सीमा आपल्या हाताने समुद्रात ओढू नये. अधिसूचित हद्द ही कागदावरची गोष्ट, किनारा ही जमिनीवरची. दोन फायली वेगळ्या ठेवा. बाहेर पडलेल्या बिंदूला ३०० मीटरच्या आतला सगळ्यात जवळचा विभाग द्या आणि शेजारच्या रकान्यात ‘अंदाजे’ लिहा. पूर्वेला ठाणे खाडीच्या कांदळवनातही हीच पद्धत वापरा, तिथे भरती-ओहोटीत किनारा म्हणायचं कशाला हाच प्रश्न आहे. ओपनस्ट्रीटमॅपची किनाऱ्याची रेषा मोठ्या भरतीची असते, ओहोटीच्या वेळचा उपग्रह फोटो खाली ठेवून तिला ‘चुकीची’ ठरवू नका.

आणि घारापुरी मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यात आहे. बोट गेटवेहून सुटते म्हणून लोक ए विभागात टाकतात.

शीवकर:
नावांवर कुणीच काही लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

मराठी नाव, इंग्रजी नाव, जुनी नावं, इतर नावं असे चार रकाने ठेवा. शीव आणि सायन, भायखळा आणि बायकुला, वांद्रे आणि बांद्रा, परळ आणि परेल. इंग्रजी नावाचं देवनागरीत रूपांतर म्हणजे मराठी नाव नव्हे. ‘सायन’ लिहून कुणी मराठीचा रकाना भरला असं समजलं तर स्थानकाच्या पाटीवर लिहिलेलं नाव फायलीत कुठेच नाही.

आता न दिसणारा भाग. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एक रूप देणं) प्रत्येक मजकुराला लावाच. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि ‘र’ अधिक नुक्ता असंही. एनएफसी दोन्ही एक करतं. पण एनएफसीने सगळं सुटतं असं नाही. ॲण्टॉप हिलमधला ‘ॲ’ एका चिन्हाचा असतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांचा. डोळ्यांना सारखाच. एनएफसी हे दोन्ही वेगळेच ठेवतं, म्हणून शोधात निम्म्या नोंदी सापडत नाहीत. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये हाताने बदल लिहावा लागतो. चिकटवलेल्या मजकुरातून येणारे अदृश्य जोडचिन्ह आणि तोडचिन्हही बघा. सरसकट काढू नका, काही जोडाक्षरांचं रूप त्यावर अवलंबून असतं. नावाच्या सुरुवातीला आणि शेवटी असतील ते मात्र खुशाल काढा.

एक्सेलबद्दल दोनच शब्द. बीओएम (फाईलच्या सुरुवातीचं अदृश्य संकेतचिन्ह) नसलेली यूटीएफ-८ सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठीचा चिखल होतो. बीओएम घातला तर पायथनला पहिल्या मथळ्यापुढे एक अदृश्य चिन्ह दिसतं आणि ‘आयडी’ रकानाच सापडत नाही. आणि ‘३/५’ सारखा घर क्रमांक एक्सेल तारीख करून टाकतं, साठवलं की मूळ गेलं. लिबरऑफिसमध्ये आयात करताना सगळे रकाने ‘मजकूर’ निवडा.

सर्व्हेनंबर:
जुने भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट वापरून काही गावठाणांच्या खुणा काढायच्या आहेत. निर्देशांक शीटवरून सरळ वाचले तर चालेल का?

नकाशेवाला:
नाही. जुनी शीट एव्हरेस्ट लंबगोलावर, कल्याणपूर आधारबिंदूवर बांधलेली आहेत. तेच आकडे डब्ल्यूजीएस ८४ म्हणून लिहिले तर मुंबईत शंभरेक मीटरचा सरकाव येतो. गावठाणाच्या मानाने हे पुष्कळ. क्यूजीआयएसमध्ये शीट जिओरेफरन्स करताना मूळ प्रणाली कल्याणपूर निवडा, मग ४३२६ मध्ये, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, रूपांतर करा, आणि न हललेल्या दोन-तीन खुणांवर ताडून बघा. जुनी चर्चची इमारत, रेल्वेचा पूल, दीपगृह. रस्त्याचा चौक नको, चौक सरकतात.

सहीशिक्का:
परवान्याकडे येतो. ओपनस्ट्रीटमॅप सप्टेंबर २०१२ पासून ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स) परवान्याखाली आहे. त्यातले बिंदू तुमच्या फायलीत मिसळून, दुहेरी काढून, एक यादी केलीत की ती व्युत्पन्न डेटाबेस ठरते आणि अख्खी यादी ओडीबीएलखाली द्यावी लागते. सीसी शून्य या सगळे हक्क सोडणाऱ्या परवान्याखाली दिलेल्या तुमच्या स्वतःच्या नोंदीही त्यात ओढल्या जातात. म्हणून परवान्याप्रमाणे फोल्डर वेगळी ठेवा, जोडणी वापरणाऱ्याने आपल्या संगणकावर करावी. प्रत्येक नोंदीला स्रोत, स्रोताची तारीख आणि परवाना असे तीन रकाने हवेतच. ‘स्रोत: इंटरनेट’ असं लिहिलेली नोंद मंजूर करू नका.

सरकारी खुल्या डेटा पोर्टलवरून घेतलेल्या फायलींना साधारणपणे २०१७ चा सरकारी खुला डेटा परवाना लागू असतो. श्रेय देणं बंधनकारक आहे. पण एखाद्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरची पीडीएफ म्हणजे त्या परवान्याखालची फाईल असं धरू नका.

गूगलच्या नकाशावरून बिंदू टिपून आणणं बंद. त्यांच्या अटींत बसत नाही, आणि एकदा मिसळलं की कोणते बिंदू तिकडचे ते पुढे कुणालाच सांगता येत नाही.

कोळंबकर:
उच्च अचूकतेच्या मोजणीचं काय? आरटीके उपकरणाने (सेंटिमीटरपर्यंत मोजणारं जीपीएस) काही खांब मोजलेत.

सहीशिक्का:
फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत उंबरठा ठरलेला आहे: आडवा १ मीटर, उभा ३ मीटर. त्याहून बारीक माहिती भारतीय संस्था-व्यक्तींनीच तयार करायची आणि साठवायची भारतातच. परदेशी सर्व्हरवरच्या भांडारात ती टाकू नका. आरटीकेचे बिंदू भारतातल्या सर्व्हरवर वेगळे ठेवा. साध्या मोबाईलची नोंद मोकळ्या आकाशाखालीही तीन-पाच मीटरची असते. काळबादेवीच्या गल्लीत, उंच भिंतींच्या मध्ये, त्याहून वाईट.

खाडीकाठ:
भांडारात आधीच एक १३० एमबीची फाईल आहे असं वाटत होतं, पण ढकलतानाच अडते.

नकाशेवाला:
अडणारच. गिटहब ५० एमबीला इशारा देतं आणि १०० एमबीला नाकारतं. फाईल काढून नवा कमिट केलात तरी अडत राहील, कारण ती इतिहासात आहे. गिट-फिल्टर-रेपोने इतिहासातून काढा. त्याने सगळ्या पुढच्या कमिटांचे क्रमांक बदलतात, म्हणून बाकीच्यांना भांडाराची प्रत नव्याने उतरवायला, म्हणजे क्लोन करायला सांगा. मोठ्या सीमा विभागवार तोडून ठेवा. १० एमबीच्या आत राहिल्या तर गिटहब नकाशाही दाखवतं, तपासणाऱ्याला तेवढंच डोळ्यांनी बघता येतं.

प्रकाशनाला वर्ष-महिना असा टॅग द्या, फायली बदललेल्या नाहीत हे पडताळायला एसएचए-२५६ ठशांची यादी जोडा, आणि झेनोडो या संशोधन-संग्रहाशी जोडून घ्या म्हणजे प्रत्येक प्रकाशनाला डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. प्रबंधात उद्धृत करणाऱ्यांना ‘मुख्य शाखा’ हा पत्ता पुरत नाही, ती रोज बदलते.

खाडीकाठ:
स्क्रिप्ट लावली, नावं बदलली. के/पश्चिमची फाईल आता बाहेर आली, पण ‘के’ नावाचं रिकामं फोल्डर अजून दिसतंय. ते कमिट करून काढायचं का?

भायखळा_लोकल:
गिट रिकामं फोल्डर ठेवतच नाही. ते तुमच्या संगणकावर राहिलंय. हाताने पुसा.